भांडं लहान, ओव्हन दोन: आमची वाटचाल

धंदा वाढला म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "मिक्सर केवढा घेतलात?" आमच्याकडे मोठा मिक्सर अजूनही नाही. सफरचंदाचा क्विक ब्रेड, म्हणजे यीस्टऐवजी सोडा आणि बेकिंग पावडरवर फुगणारा ब्रेड, आम्ही स्टीलच्या पातेल्यात, लाकडी चमच्यानं, एका वेळी ओव्हनमध्ये मावतील तेवढ्याच टिनांपुरता कालवतो. यात हौस नाही की हातच्या चवीचा अभिमान नाही. लेबलवर 'हाताने बनवलेला' असं छापावं, असं मला वाटलं होतं, मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, मग बाकीचे काय पायाने बनवतात?" विषय तिथेच मिटला. या ब्रेडचा स्वभावच असा आहे की तो मोठ्या भांड्यात रमत नाही, आणि आमच्या व्यवसायाची सगळी घडी त्या स्वभावावरच बसलेली आहे.

यीस्टचा ब्रेड माणसाची वाट बघतो. पीठ मळून ठेवलं आणि ओव्हन रिकामा नसला तर ते फ्रिजमध्ये रात्रभरसुद्धा राहतं, उलट चव खुलते. क्विक ब्रेडला ती सवड नाही. दह्याची किंवा ताकाची आंबटाई बेकिंग सोड्याला लागली की तिथल्या तिथे कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो. बेकिंग पावडर जरा सबुरीनं घेते. बहुतेक पावडरी दोन टप्प्यांत काम करतात: थोडा वायू ओल लागताच सुटतो, उरलेला ओव्हनच्या उष्णतेत. तरीही कालवलेलं पातेलं तसंच पडून राहिलं तर पहिला फुगारा वाया जातो आणि लोफ बसका निघतो. म्हणून इथे मिश्रणानं ओव्हनसाठी थांबायचं नसतं, ओव्हननं मिश्रणासाठी तापून तयार राहायचं असतं.

सुरुवात घरच्या ओव्हनपासून झाली. त्यात जेमतेम दोन टिन शेजारी शेजारी मावायचे. ओळखीतल्यांनी मागितलं, त्यांच्या ओळखीतल्यांनी मागितलं, आणि शरद ऋतूत सफरचंदांचा हंगाम आला की आम्ही दोघी जावा पहाटेपासून ओव्हनपाशी उभ्या. हात शेकडा लोफांचं पीठ कालवू शकले असते. अडत होतं ते ओव्हनपाशी. पहिलं कर्ज काढायची वेळ आली तेव्हा यंत्रं विकणाऱ्याचा आग्रह होता की आधी मोठा प्लॅनेटरी मिक्सर घ्या, उत्पादन आपोआप वाढेल. जाऊबाईंनी एकच प्रश्न केला: "आणि कालवलेलं ठेवायचं कुठे?" आम्ही दुसरा ओव्हन घेतला. या धंद्यातला आमचा सर्वात शहाणपणाचा निर्णय कोणता, असं विचारलं तर मी हाच सांगेन.

मिक्सर नको असण्याला आणखी एक कारण आहे. मैद्याला ओल लागली आणि तो फेटला गेला की ग्लूटेनचे धागे तयार होतात. पावाला ते हवेतच. क्विक ब्रेडमध्ये मात्र ते जास्त झाले की तुकडा चिवट लागतो आणि कापल्यावर आत वरच्या दिशेनं गेलेली लांबट भोकं दिसतात. आमच्याकडे नवीन मुलगी कामाला आली की तिला पहिल्या दिवशी दोन स्लाइस समोर ठेवून हेच दाखवतो. एक बारीक, सारख्या जाळीचा. दुसरा भोकांचा, वरून घुमटासारखा टोकदार. दोन्हींचं साहित्य तेच, फरक फक्त हाताचा. कोरडं मिश्रण ओल्यात घातलं की मैद्याच्या पांढऱ्या रेघा दिसेनाशा होईपर्यंतच हलवायचं. चार-दोन गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या. हे शिकवायला सर्वात कठीण जातं, कारण नीटनेटक्या माणसाचा हात गुठळी बघून थांबत नाही.

कामाची मांडणीही यातूनच ठरली. मैदा, दालचिनी, मीठ, सोडा आणि पावडर आदल्या दिवशी चाळून, वजन करून, एका घाण्यापुरत्या पिशव्या भरून ठेवतो. अंडी, तेल, साखर आणि दही सकाळी वेगळं घुसळलेलं असतं. सफरचंद अगदी शेवटी चिरायचं. त्यात जवळपास ८५ टक्के पाणीच असतं. चिरून साखरेत पडून राहिलं की रस सुटतो आणि मिश्रणाचा अंदाज चुकतो. फोडी काळ्या पडतील म्हणून लिंबू पिळायला मात्र आम्ही सांगत नाही. दालचिनी आणि ब्राऊन शुगरनं रंगलेल्या ब्रेडमध्ये ते काळेपण कुणाला शोधूनही सापडणार नाही.

सफरचंदाबद्दल मात्र आम्ही हट्टी आहोत. ग्रॅनी स्मिथसारखं आंबट, घट्ट फळ भाजल्यावरही फोडीच्या आकारात राहतं. मॅकिंटॉशचा गर होतो, तो सॉसला छान. आम्ही निम्मं फळ चिरतो, निम्मं किसतो. किसानं ओलावा येतो आणि फोडीनं दाताखाली काहीतरी लागतं. नुसत्या गोड जातींचा ब्रेड साखरेच्या चवीचा लागतो, सफरचंदाचा नाही.

ग्राहकांची आमच्यावर कायमची नाराजी एकाच बाबतीत आहे: हा ब्रेड आम्ही बारा महिने करत नाही. सफरचंद तर वर्षभर मिळतं, मग अडचण काय? मिळतं ते खरं. शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास, ऑक्सिजन कमी करून ठेवलेलं फळ कित्येक महिने टिकतं. पण झाडावरून उतरलेलं सफरचंद श्वास घेतच असतं, आणि त्या श्वासात त्याचं मॅलिक आम्ल हळूहळू खर्च होतं. बाहेरून तुकतुकीत दिसणारं फळ चवीला सपक झालेलं असतं. एका मोठ्या खानपान सेवेनं वर्षभराचा करार पुढे केला होता, रक्कमही चांगली होती. आम्ही फक्त हंगामापुरता देऊ केला, त्यांना तो परवडला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला! पण तो करार घेतला असता तर वर्षातले बरेच महिने आम्ही आमच्याच नावावर सपक ब्रेड विकला असता. हंगाम सरला की आमच्याकडे केळ्याचा ब्रेड असतो. केळ्याला हंगामाचं बंधन नाही.

यीस्ट सोसत नाही म्हणून आमच्याकडे वळलेलेही काही जण आहेत. त्यांना मी नेहमी आल्फ्रेड बर्ड यांची गोष्ट सांगते. बर्मिंगहॅमच्या या औषधविक्रेत्यानं १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली ती पत्नीला यीस्ट चालत नव्हतं म्हणून. घरातल्या एकीच्या पोटाची सोय बघता बघता त्यांचा मोठा धंदा झाला.

सर्वात जास्त तक्रार कशाची येत असेल तर वरच्या भेगेची. "ब्रेड फुटलाय, बदलून द्या." ओव्हनमध्ये कडा आणि वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, मधला भाग मागाहून फुगतो आणि पापुद्रा फोडून वर येतो. ती भेग लोफ नीट फुगल्याची खूण आहे. आता लेबलवरच तसं लिहितो.

दुसरी मागणी गरम ब्रेडची. गरमागरम पॅक करून द्यायला आम्ही साफ नकार देतो. वाफ पिशवीत कोंडली की तळ ओलसर होतो आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. टिनमध्ये १० ते १५ मिनिटं, मग जाळीवर पूर्ण गार, आणि मगच गुंडाळणं. दुसऱ्या दिवशी दालचिनी मुरते, ओलावा सगळीकडे सारखा होतो, सुरीनं भुगा न पडता कापता येतो. लोण्याऐवजी तेल वापरायचं कारणही हेच: लोणी गार झालं की थिजतं, तेल थिजत नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवशीही तुकडा मऊ लागतो.

कृती मागितली तर देतो, लपवत नाही. ९ बाय ५ इंचाच्या एका टिनसाठी २५० ग्रॅम मैदा, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, पाव लहान चमचा सोडा, अर्धा लहान चमचा मीठ, दीड लहान चमचा दालचिनी पूड. १५० ग्रॅम ब्राऊन शुगर, दोन अंडी, १२० मिलिलिटर वास नसलेलं तेल, तितकंच दही. आणि सालं काढलेली सुमारे २५० ग्रॅम सफरचंदं. १७५ अंश सेल्सिअसला ५५ ते ६५ मिनिटं. मध्यभागी टूथपिक खुपसून बघा. फोडीत घुसली तर ओलीच निघेल, म्हणून दोन जागी बघा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर मधलं तापमान ९६ अंशांच्या पुढे गेलं की झालं. वरचा भाग आधीच करपायला लागला तर फॉइल झाका.

हंगामाच्या शेवटी आता एक नवी सोय केली आहे. पूर्ण गार झालेले लोफ घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवायला देतो, ते दोन-तीन महिने चांगले राहतात. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मात्र ठेवू नका. तिथे स्टार्च लवकर कडक होतो आणि ब्रेड बाहेर ठेवल्यापेक्षाही आधी शिळा लागतो. कापूनच गोठवा म्हणजे लागेल तेवढेच स्लाइस काढता येतात. या लोफांची नोंदणी हंगाम संपायच्या दोन आठवडे आधी बंद होते. नंतर फोन आला तर जाऊबाई उचलतात, आणि त्या कुणाचंच ऐकत नाहीत.