काळी गेली, पांढरी उरली

नागपूरहून एसटीने निघाले तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यापर्यंत दोन्ही अंगांना शेतं नुसती फुललेली. या वरोऱ्यात इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच कोळसा काढायला घेतला होता. १९०६ साली ती खाण बंद पडली. भद्रावती मागे पडलं, पडोलीला गाडी बदलली आणि घुग्घुसच्या रस्त्याला लागल्यावर कापसाचा रंग उतरत गेला.

एका शेताशी उतरले. बोंड टपोरं होतं, पण कापूस राखाडी. चिमटीत धरला तर बोटांना काजळ लागलं. वेचणारी बाई म्हणाली, ‘‘पाणी आलं त थोडा धुतला जाते, पण मंग भिजल्या कापसाले भाव भेटत नाही.’’ शेजारून कोळशाचे हायवा ट्रक जात होते, काहींवर ताडपत्री, काहींवर नाही. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथं आलं होतं. तिथे राहणाऱ्यांना तो नंबर कुणी सांगावा लागत नाही. तो त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर असतो.

घुग्घुसला अमराई वॉर्डात गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये इथलं एक राहतं घर बघता बघता जमिनीच्या पोटात गेलं. माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत खाण, वर वस्ती. कोळसा काढून झाला की पोकळी मागे राहते आणि तिच्यावर माणसं चूल मांडतात. आपल्या घराखाली काय आहे हे इथे कुणाला विचारायचं? मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

खरं जायचं होतं ते एका गावाला. त्याचं नाव देत नाही, माझ्याशी बोललेल्यांना त्रास नको.

आपण गावाची काळी आणि पांढरी म्हणतो. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. या गावाची काळी खाणीत गेली. पांढरी खाणीच्या काठावर तशीच राहिली. जमिनीचा मोबदला मिळाला, नोकरी घरटी एखाद्याला; आणि ज्यांचं शेतच नव्हतं, दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करून जे जगत होते, त्यांच्या नावावर जायला काहीच नव्हतं, म्हणून यायलाही काही नाही. मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच. प्रकल्पग्रस्तांच्या यादीत ते बसत नाहीत, पण त्यांचं कामच गेलं.

ज्या मावशींकडे उतरले होते, त्यांच्या घरी दुपारी जेवत होतो. खाणीतल्या सुरुंगाचा भोंगा झाला. मावशी काही न बोलता उठल्या, मांडणीवरचे पितळी डबे एकेक करून खाली ठेवले, देवाची तसबीर भिंतीवरून काढून मांडीवर घेतली, भाकरीवर ताट उपडं घातलं आणि बसल्या. मग जमीन हलली. कौलांतून माती झरली. थोड्या वेळाने त्यांनी डबे परत वर लावले. रोजचंच. भिंतीतली भेग दर पावसाळ्याआधी लिंपतात, तिच्यातून माझं बोट आरपार गेलं.

विहिरीचं विचारलं. खाणीत पाणी साचू नये म्हणून उपसा सारखा चालू असतो आणि भोवतालचं भूजल त्या खड्ड्याकडे ओढलं जातं. गावातल्या विहिरी अशाच आटल्या, आता टँकर येतो. खाणीवरून काढून टाकलेल्या मातीचे डोंगर झालेत, त्यांवर वेडी बाभूळ माजलीय. तिच्यात वाघ-बिबटे आसरा घेतात, म्हणून दिवस कलला की पोरांना घरात घेतात. चंद्रपूरला लागून असलेल्या दुर्गापुरात २०२२च्या फेब्रुवारीत एक कोवळा मुलगा असाच गेला. त्याची आठवण इथे सगळ्यांना आहे.

निघण्याआधी मावशी म्हणाल्या, ‘‘चाला बाई, आमचं वावर दाखवतो.’’ कुंपणापाशी गेलो. खाली खोल खड्डा, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेला, तळाशी काळं पाणी. मी खाली बघू लागले.

‘‘खाली नाही,’’ त्या म्हणाल्या. त्यांनी हात सरळ समोर धरला, डोळ्यांच्या रेषेत. ‘‘थे पाहा. थे आमची विहीर. तिच्या बाजूनं बोर होती. तूर असे पलीकडं.’’

समोर हवा होती.