स्टीलचा दोरा आणि ब्लाउजचे हुक

इकडे नेदरलँड्सला मी वीकेंडला ई-टेक्स्टाइलचा क्लास घेते, म्हणजे कापडावर वायरऐवजी वीज नेणाऱ्या स्टीलच्या दोऱ्याने सर्किट शिवायचं, छोटे एलईडी आणि एक बटणसेल, बस. येतात बहुतेक इंजिनियर. ओहमचा नियम पाठ, पण सुई ओवताना घाम फुटतो.

यंदा सुट्टीत ठाण्याला आले तेव्हा म्हटलं इथे करून बघू. नौपाड्यातल्या आमच्या हॉलमध्ये चटई टाकली, आईच्या मैत्रिणी आल्या, आणि अर्ध्या तासात क्लास कोण घेतंय तेच कळेना!

शिवायच्या एलईडीला कडेला भोकं असतात, त्या भोकाशी दोरा तीनचारदा घट्ट आवळावा लागतो, नाहीतर दिवा मिचमिचतो. मी हे फळ्यावर काढून वगैरे सांगत होते तर खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं मग ब्लाउजला हुक लावतो तसंच की." झालं, शिकवून संपलं. लीआ ब्यूक्लीने लिलीपॅड आर्डुइनो, म्हणजे कापडावर शिवता येणारा छोटा प्रोग्रॅम करायचा बोर्ड, बनवला, २००७ साली तो बाजारात आला, त्याच्याही कडेने अशीच भोकं ठेवलीयत सुई जाईल अशी.

खरी मजा कापडाच्या मागच्या बाजूला. स्टीलचा दोरा ताठ, गाठ सैल पडते, शेपटं उभी राहतात आणि प्लसचं शेपूट मायनसला टेकलं की शॉर्ट, सगळे दिवे बंद. माझे इंजिनियर हे मल्टिमीटर घेऊन शोधत बसतात, काकूंनी कापड उलटं केलं, शेपटं बारीक कापली, गाठीवर नेलपॉलिशचा थेंब लावला. गोधडी शिवणाऱ्या मावशींनी तर प्लस वरच्या थरावर, मायनस खालच्या, मध्ये जुनी साडी असं सुचवलं. फक्त आरपार धावदोरा घालायचा तो साध्या सुती दोऱ्याने, स्टीलच्या नाही, एवढंच मला सांगावं लागलं.

एका जागी मात्र सगळ्या अडल्या. लाल दिवा लागतो, शेजारचा निळा का नाही? आमचा बटणसेल, सीआर२०३२, ३ व्होल्टचा, लाल एलईडीला २ च्या आसपास पुरतात, निळ्याला जवळजवळ ३ लागतात, पॅरलल जोडले की लाल व्होल्टेज खाली ओढतो. "मग सगळे लालच लावू," मावशी. सुटला प्रश्न.

परत आल्यापासून इथे पहिला तास सेल हातात देतच नाही. आधी हुक लावा. कुरकुर चालू आहे जोरात, कालच एकाने विचारलं सर्किट कधी सुरू होणार, म्हटलं आधी कापड उलटं करून दाखव.