तुम्ही विचारलंत म्हणून: माद्रिदची म्युझियमं, एकही तिकीट न काढता

"माद्रिदला एवढी म्युझियमं बघितलीत, नुसत्या तिकिटांचेच किती गेले?" मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे माझ्यासारखे शिक्षक हे हमखास विचारतात. एक पैसाही गेला नाही. पाच दिवसांत प्रादोला तीनदा, रेइना सोफियाला दोनदा आणि थिसेनला एकदा गेले, सगळं मोफतच्या वेळात.

प्रादोचं तिकीट १५ युरो, म्हणजे दीड हजार रुपयांच्या आसपास. पण सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ आणि रविवारी ५ ते ७ ते सगळ्यांना मोफत खुलं असतं. रेइना सोफिया मंगळवारी बंद, रविवारी दुपारी साडेबारा ते अडीच मोफत, इतर वारी संध्याकाळी ७ ते ९. थिसेन सोमवारी १२ ते ४. तिन्ही एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर, पासेओ देल प्रादो या झाडांच्या रस्त्याच्या आसपास. २०२१ साली युनेस्कोने हा रस्ता आणि शेजारचं रेतिरो उद्यान जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथल्या मेट्रो स्टेशनचं नावसुद्धा 'एस्तासिओन देल आर्ते', कलेचं स्टेशन.

मोफत असलं तरी प्रादोत शून्य रकमेचं तिकीट घ्यावं लागतं. त्याची खिडकी चित्रकार गोयाच्या पुतळ्याजवळ आहे. रांग पाचलाच लागते. लांब दिसली तरी घाबरू नका, सहा वाजले की भराभर सरकते.

पहिल्या संध्याकाळी मी चूक केली. दोनच तास आहेत म्हणून नकाशा हातात धरून दालनामागून दालन धावत सुटले. रात्री खोलीवर येऊन वही उघडली, तर एकाही चित्राबद्दल चार ओळी लिहिता येईनात. फार वाईट वाटलं. दुसऱ्या वेळी ठरवून दोनच चित्रकार धरले, वेलास्केस आणि गोया.

वेलास्केसचं 'लास मेनिनास' हे चित्र मी वीस वर्षं पुस्तकात पाहत आले होते. पुस्तकात ते तळहाताएवढं, इथे समोर तीन मीटरहून उंच. लांबून छोट्या राजकन्येच्या बाहीवरची नक्षी, छातीवरचं फूल, सगळं लख्ख दिसतं. चार पावलं पुढे गेलं की फूल नाहीसं होतं आणि उरतात लाल-काळ्या रंगाचे नुसते फटकारे. मागे सरकलं की पुन्हा फूल. किती वेळा पुढे-मागे केलं कोण जाणे. चित्रात वेलास्केसने स्वतःलाही रंगवलंय, आणि त्याच्या छातीवर लाल क्रूस आहे, सांतियागो या मानाच्या सरदार-संघाची खूण. चित्र १६५६ चं, आणि तो मान त्याला मिळाला १६५९ मध्ये, म्हणजे क्रूस नंतर रंगवलेला. प्रादोत फोटो काढू देत नाहीत. मला ते आवडलं. माणसं खरंच चित्राकडे बघत होती.

गोयाची 'काळी चित्रं' चौदा आहेत. म्हातारपणी, ऐकू येत नसताना, त्याने ती स्वतःच्या घराच्या भिंतींवर रंगवली. कुणाला दाखवायला नव्हे. पुढे ती भिंतीवरून कॅनव्हासवर उतरवली. त्यातलं कुत्र्याचं चित्र बघायला मी तिसऱ्यांदा रांग लावली. वर मातकट पिवळा रंग, खाली तपकिरी उतार, आणि उताराआडून फक्त कुत्र्याचं डोकं, वर बघणारं. बाकी काही नाही. आठला दहा कमी असताना दालनातल्या बाईंनी निघायची खूण केली, तेव्हा मी त्याच चित्रापुढे होते.

'गेर्निका' रेइना सोफियात. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३७ च्या एप्रिलमध्ये, जर्मन आणि इटालियन विमानांनी तिथल्या गेर्निका गावावर बॉम्ब टाकले, आणि पिकासोने त्याच वर्षी पॅरिसमध्ये हे चित्र केलं. पावणेआठ मीटर रुंद, काळं, पांढरं आणि करडं. मधल्या घोड्याच्या अंगावर बारीक उभ्या रेघा आहेत, वर्तमानपत्राच्या ओळींसारख्या. छापील चित्रात मला त्या कधी दिसल्या नव्हत्या. डाव्या टोकाला मेलेलं मूल मांडीवर घेऊन आक्रोश करणारी आई आहे. तिच्यासमोर गर्दीतही कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

थिसेनमध्ये फार वेळ दिला नाही. गिर्लांदायो या जुन्या इटालियन चित्रकाराने काढलेलं जोव्हाना तोर्नाबुओनीचं व्यक्तिचित्र मात्र चुकवू नका.

जेवणाचं विचाराल तर दुपारी 'मेनू देल दिया' घ्या. आधी एक पदार्थ, मग मुख्य जेवण, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, असं सगळं ठरलेल्या एका किमतीत. मोठ्या रस्त्यावर महाग पडतं, आतल्या गल्ल्यांत शिरा. मसुराच्या आमटीतसुद्धा मांस असू शकतं, शाकाहारी असाल तर आधी विचारा. अंडं चालत असेल तर बटाट्याचं ऑम्लेट, 'तोर्तिया', कुठेही मिळतं. रात्री मी पाव, चीज आणि फळांवर भागवलं.

विमानाचं तिकीट काढताना मुक्कामात एक रविवार आणि एक सोमवार येईल असं बघा, म्हणजे तिन्ही म्युझियमं नीट बसतात. वेळा बदलतात, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर एकदा खात्री करून घ्या. आणि कुत्र्याच्या चित्रासाठी एक अख्खी संध्याकाळ मोकळी ठेवा.