वस्तरा मिळाला, दगड अडकला

धार लावायचा दगड म्हणजे सोन्याचा दागिना नव्हे, हे फोनवरच्या माणसाला पटवून देण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. त्यामुळे जुन्या वस्तऱ्याबद्दल लिहायला बसलो असलो तरी गाडी सारखी दगडाच्या अडकलेल्या पार्सलकडे वळणार, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना धारेपुरतंच वाचायचंय त्यांनी मधला भाग गाळला तरी चालेल. दगड बाहेरून मागवणार असाल तर मात्र तोच वाचा.

वस्तरा मिळणं सोपं होतं. 1961 च्या आधी गोव्यात युरोपचा माल भरपूर यायचा. जर्मनीतल्या सोलिंगेनचा शिक्का असलेली पाती इथल्या जुन्या सामानात अधूनमधून दिसतात ती त्यामुळेच असावीत. माझं पातं मडगावच्या बाजूला एका दुकानात पितळी दिव्यांच्या ढिगाखाली सापडलं. "पुर्तुगेज तेंपावेलो, बाब," म्हणजे पोर्तुगीज काळातला, असं दुकानदार म्हणाला. शेजारच्या प्लॅस्टिकच्या फुलदाणीबद्दलही तो तेच म्हणाला असता, पण शिक्का खरा होता आणि भाव हजाराच्या आत आला.

मी खिशात काचेचा छोटा तुकडा नेला होता, त्याचा फार उपयोग झाला. पातं काचेवर आडवं ठेवायचं. पाठ आणि धार दोन्ही टेकल्या पाहिजेत. बोटाने हलकं दाबल्यावर डुगडुगलं तर पातं पिळलेलं आहे, परत ठेवून द्या. अंगावरचे काळे डाग चालतात. धारेच्या अगदी काठाला गंजाचे खड्डे असतील तर नको, कारण जसजसं घासाल तसतसा आतला नवा खड्डा काठावर येतो आणि धार तुटत राहते. चीर असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. मूठ हस्तिदंताची आहे म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर नमस्कार करून निघा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्या व्यापाराला बंदी आहे. सेल्युलॉइडच्या मुठी दिसायला देखण्या असतात, पण जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणारी आम्लाची वाफ पातं खाते. मिटल्यावर मुठीत जाणारा भागच तेवढा गंजलेला दिसला की समजून जा. माझी मूठ शिंगाची होती, थोडी किडीने कुरतडलेली. चालेल म्हटलं.

आता धार कोण लावणार? सलूनमध्ये विचारून बघा. सगळीकडे अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा, वापरला की ब्लेड टाकून द्यायचं. ते योग्यच आहे, पण त्यामुळे दगडावर वस्तरा घासणारा हात उरला नाही. सायकलच्या चाकावर सुऱ्यांना धार लावणारा दारावर येतो, त्याच्याकडे चुकूनही देऊ नका. फिरत्या चाकावर ते पातळ पातं क्षणात तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. फोंड्यात एक वयस्क काका भेटले. दुकान आता मुलगा बघतो, ते नुसते बाकावर बसलेले असतात. त्यांनी पातं हातात घेऊन स्वतःच्या तळव्यावर दोनदा उलटसुलट फिरवलं, ते कसं फिरवलं हे मला अजून नीट जमलेलं नाही. "फाट उखलूं नाका," म्हणजे पाठ उचलू नका, एवढंच म्हणाले.

धारेचं अर्धं शास्त्र त्या वाक्यात आहे. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो पाठीच्या जाडीतच बसवलेला असतो. पाठ आणि धार एकदम दगडावर टेकवली की साधारण 16-17 अंशांचा कोन आपोआप मिळतो. धार पुढे ठेवून ढकलायचं, टोकाला पोचल्यावर पाठीवरून उलटवायचं आणि परत आणायचं. जोर द्यायचा नाही. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर इन्सुलेशन टेपचा एक थर लावला तरी चालतो, फक्त मग शेवटच्या दगडापर्यंत टेप काढायची नाही.

1000 आणि 6000 असा दुतोंडी दगड घरबसल्या मिळतो, तो घेतला (आकडा जितका मोठा तितका दगडाचा कण बारीक). धारेवर काळ्या मार्करची रेघ ओढून दोनचार हात मारले, तर टाचेकडची, म्हणजे मुठीजवळच्या टोकाची, शाई तशीच्या तशी. जुन्या पात्यांत हे नेहमीचं आहे. वर्षानुवर्षं घासून पातं अरुंद होतं आणि टाचेजवळचा जाड खांदा दगडावर चढून बसतो, मग त्याच्या शेजारची धार दगडाला टेकतच नाही. डायमंड प्लेटवर खांद्याचा तेवढाच कोपरा हळूहळू उतरवला आणि पुढे पातं दगडावर थोडं तिरकं धरलं. शाई गेली. 1000 वर टाचेपासून टोकापर्यंत हातावरचे केस सारखे उडत नाहीत तोवर पुढच्या दगडाकडे जाऊ नका. पुढचे दगड आधीच्या दगडाचे ओरखडे पुसतात, धार निर्माण करत नाहीत.

6000 वरून दाढी होते. पण गाल दिवसभर जळतो. शेवटचा हात 12000 चा हवा. तेव्हा इथे कुठे मिळेना म्हणून परदेशातून एक जपानी दगड मागवला, खासगी कुरिअरने. मिरगाच्या सुमारास.

ट्रॅकिंगवर पार्सल भारतात आल्याचं दिसलं आणि पुढे ओळ आली, 'कस्टम्स क्लिअरन्सच्या प्रतीक्षेत'. ती ओळ पुढे इतके दिवस तशीच राहिली की मी पान उघडण्याआधीच ती मनात वाचत असे.

आधी केवायसी मागितलं. आधार, पॅन, दिलं. मग बिल आणि बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा. तोही दिला. मग 'वस्तूचा उपयोग काय' याचं पत्र. दिलं. मग एके दुपारी फोन. पाऊस धो धो, लाइट गेलेली, मोबाइलची बॅटरी शेवटच्या आचक्यांवर. "सर, तुमच्या पार्सलवर 12के लिहिलंय. बारा कॅरट का?"

मी म्हटलं, दगड आहे हो.

"मौल्यवान दगड?"

नाही. वस्तऱ्याला धार लावायचा दगड. 12000 म्हणजे कण किती बारीक त्याचा आकडा. 1000 चा कण दहा-पंधरा मायक्रॉनचा, याचा एकाच्या आसपास. समोरून "ओके सर" आलं आणि मला वाटलं, सुटलो.

पुढच्या वेळी दुसरीच व्यक्ती. तिला कॅरटचं काही माहीत नव्हतं. तिचं म्हणणं, 12के म्हणजे बारा हजार, आणि बिल तर त्याच्या बरंच खाली आहे, तेव्हा किंमत कमी दाखवली आहे. पुन्हा कण, पुन्हा मायक्रॉन. तिने ऐकून घेतलं, माणूस चांगला होता, पण त्यांच्याकडे आधीच्या फोनची नोंदच नव्हती. त्यानंतरच्याला 'रेझर' हा शब्द खटकला, कारण विक्रेत्याने डब्यावर 'रेझर होन', म्हणजे वस्तऱ्याचा दगड, असं लिहिलं होतं. धारदार शस्त्र चालत नाही म्हणे. मी म्हटलं, दगडाला धार नसते, तो दुसऱ्याला धार देतो. हे वाक्य मला तेव्हा फार जोरकस वाटलं होतं. त्याचा काही परिणाम झाला नाही.

मध्येच मी केलेली तक्रार 'ग्राहकाचा प्रतिसाद नाही' म्हणून बंद. मी पाठवलेली मेल जोडलेल्या फोटोंच्या वजनामुळे परत आलेली होती आणि ती परत आल्याची मेल स्पॅममध्ये. फोटो बारीक करून पाठवा, हे लिहून ठेवा कुठेतरी.

मग आला आयईसी. म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्यांचा कोड. तो काढा, नाहीतर माल परत जाईल. इथे मात्र डोकं फिरलं, कारण एक दगड मागवणारा मी काही आयातदार नव्हे. शोधून पाहिलं तर व्यापाराशी संबंध नसलेल्या, स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या वस्तूला आयईसी लागतच नाही. तरी फोनवर तेच. एवढ्यात एका परिचिताने, जो वास्कोला मालाच्या कागदपत्रांचंच काम करतो, एक प्रश्न विचारायला सांगितला: "बिल ऑफ एंट्री भरलंय का? नंबर द्या." बिल ऑफ एंट्री म्हणजे आयात मालासाठी कस्टम्सकडे भरायचा कागद.

नंबर नव्हता. म्हणजे ज्या कस्टम्सच्या नावाने मी इतके दिवस बोटं मोडत होतो, त्यांच्यापुढे कागद गेलाच नव्हता. पार्सल कुरिअरवाल्यांच्याच टेबलावर पडून होतं, आणि ट्रॅकिंगची ती ओळ कुरिअरवाल्यांनीच लिहिलेली. हे कळल्यावर आधी संताप आला आणि मग, खरं सांगतो, बरं वाटलं. आता भांडायला एकच जण होता.

मी एका पानाची मेल लिहिली. वस्तू: हाताने धार लावायचा दगड. वर्गीकरण (कस्टम्सच्या यादीतला क्रमांक): 6804 30, त्या शीर्षकात हेच दगड येतात. (वस्तरा स्वतः 8212 मध्ये, आणि वस्तरा या पार्सलमध्ये नाही.) 12000 हा कणाचा आकडा, सोबत उत्पादकाच्या पानाचा फोटो. वापर: वैयक्तिक, एक नग. आणि शेवटी: आयईसी हवा असेल तर कोणत्या नियमाखाली ते लेखी कळवावं, तसंच बिल ऑफ एंट्री कधी भरणार तेही. फोन नाही, विनंती नाही. त्यानंतर ती ओळ हलली.

दगड घरी आला तेव्हा आई गणपतीच्या माटोळीला कवंडळं बांधायला मला हाका मारत होती. ड्यूटीचे पैसे भरले, त्याबद्दल तक्रार नाही. पण पावतीवर खाली गोदामाचं भाडं लावलेलं होतं. त्यांच्या टेबलावर माझा दगड पडून होता, त्याचं भाडं माझ्याकडून. भरलं, कारण कुरिअरचा पोरगा दारात भिजत उभा होता. ते परत मिळावं म्हणून केलेला अर्ज अजून पडून आहे.

बाकीचं काम एका संध्याकाळचं. नवा दगडही सपाट असेलच असं नाही. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून रेघा जाईपर्यंत घासायचं. मग पाणी शिंपडून पात्याच्या वजनावरच हात फिरवायचे. शेवटी पाणी ओढून घेतल्यासारखं पातं दगडाला चिकटायला लागतं, ते हाताला कळतं. नंतर पट्टा, आधी कापडी, मग चामड्याचा. इथे पाठ पुढे आणि धार मागे. उलटं केलंत तर पट्टाही कापला जाईल आणि धारही जाईल. पट्टा ताणून धरा, सैल पट्ट्यावर धार गोल होते.

पहिल्या वेळी फक्त गालाची केली. पातं त्वचेशी साधारण 30 अंशांत, दुसऱ्या हाताने कातडी ताणून. हनुवटी आणि ओठांवरचं नेहमीच्या रेझरने उरकलं. बायकोने गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "एवढ्यासाठी एवढं?" मी काही बोललो नाही, पण आरशात दोनदा पाहिलं.

हो, राहिलंच. जुनं पातं आधी स्पिरिटने पुसून घ्या, ते कोणाच्या गालावर फिरलंय ठाऊक नसतं. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते बाथरूममध्ये ठेवू नका. खिळ्याजवळचं पाणी टिपून घ्यायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फिरवायचा, उघडं सुकू द्यायचं, मग कपाटात. खोबरेल नको, ते चिकट होतं.

दगड मागवताना विक्रेत्याला आधीच लिहा: डब्यावर 'हाताने धार लावायचा दगड, एक नग, वैयक्तिक वापर' आणि 6804 30 एवढंच हवं. 'रेझर' नको, आणि 12के तर मुळीच नको, 12000 पूर्ण आकड्यात लिहायला सांगा. पार्सल अडकलं तर पहिल्याच फोनवर बिल ऑफ एंट्रीचा नंबर मागा. नंबर नसेल तर फोनवर काही समजावत बसू नका, लगेच मेल करा.