निर्लेखित साहित्याच्या व्यवसायातील आमची वाटचाल

आमच्या वडिलांनी भुसावळला भंगाराचे दुकान काढले, त्याला गावाची घडणच कारणीभूत होती. मध्य रेल्वेचे विभागीय कार्यालय, विद्युत इंजिनांचा कारखाना, भुसावळ आणि वरणगाव येथील आयुध निर्माणी, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र अशा सरकारी आस्थापना इतक्या जवळजवळ असल्या की तेथून निघणाऱ्या निर्लेखित, म्हणजे वापरातून काढून नोंदवहीतून कमी केलेल्या, जुन्या साहित्याभोवती एक बाजारपेठ आपोआप उभी राहते. सुरुवातीची वर्षे आम्ही या साहित्याचे दुय्यम खरेदीदार होतो. मोठे ठेकेदार लिलावात लॉट (एकत्र विकायला काढलेला माल) घेत आणि त्यातील फिशप्लेटा (रूळ जोडणाऱ्या पट्ट्या), बीड (ओतीव लोखंड), पत्रा किंवा रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर आम्ही त्यांच्याकडून उचलत असू. पुढे पंचायत समित्या आणि लहान कार्यालयांच्या मोहोरबंद निविदा भरू लागलो, तेव्हा लक्षात आले की या व्यवसायातील नफा लोखंडाच्या भावावर जितका ठरतो, तितकाच तो कार्यालयाने साहित्याची वर्गवारी कशी केली आहे यावरही ठरतो.

केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी ही वर्गवारी सर्वसाधारण वित्तीय नियमांत सांगितलेली आहे. सध्याचे नियम 2017 चे असून त्यातील नियम 217 नुसार, जी वस्तू विभागाच्या पुढील कामाची उरलेली नाही ती अतिरिक्त, कालबाह्य किंवा निरुपयोगी म्हणून घोषित करता येते आणि त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. अतिरिक्त म्हणजे चालू स्थितीतील, पण गरजेपेक्षा जास्त झालेली वस्तू. कालबाह्य म्हणजे जिचा प्रकारच वापरातून गेला ती. आणि निरुपयोगी म्हणजे जी दुरुस्त करणे परवडणार नाही ती, असा अर्थ आम्ही व्यवहारात धरतो. घोषणेनंतर पुस्तकी किंमत, मार्गदर्शक किंमत आणि राखीव (जिच्याखाली विक्री होत नाही ती) किंमत काढली जाते. साहित्याचे अंदाजित अवशिष्ट (उरलेले) मूल्य दोन लाख रुपयांपेक्षा अधिक असेल तर विक्री निविदेने किंवा जाहीर लिलावानेच करायची असते. त्याखालील साहित्याची पद्धत सक्षम अधिकारी ठरवतो. मुदत संपलेली औषधे, अन्नधान्य किंवा दारूगोळा यांसारख्या धोकादायक मालाची मात्र योग्य पद्धतीने लगेच विल्हेवाट लावायची किंवा तो नष्ट करायचा असतो. राज्य सरकारच्या कार्यालयांना मुंबई वित्तीय नियम 1959 लागू आहेत. तेथे भाषा वेगळी असली तरी जडवस्तू नोंदवहीतील (फर्निचर, यंत्रे अशा टिकाऊ वस्तूंच्या वहीतील) नोंद, समितीची पाहणी, निर्लेखनाची मंजुरी, हातची किंमत (लिलावाची किमान किंमत) आणि लिलाव हा क्रम साधारण तोच असतो.

नियमांत दोष काढण्यासारखे फारसे नाही, अडचण असते ती वेळेची. एका कार्यालयाच्या आवारात आम्ही पाणीपुरवठ्याचे पंपसंच पाहिले होते. नवी योजना आल्यामुळे ते अतिरिक्त ठरले होते आणि त्यांतील बरेचसे वाइंडिंग करून (मोटारीतील तारा नव्याने गुंडाळून) पुन्हा चालवता आले असते. प्रस्ताव टेबलावरून टेबलावर फिरत राहिला, अधिकारी बदलले, आणि खानदेशातील दोन उन्हाळे व दोन पावसाळे उघड्यावर काढल्यानंतर तेच संच निरुपयोगी या रकान्यात आले. अखेरीस आम्ही ते तांबे आणि बीड यांच्या वजनाने घेतले. खरेदीदार म्हणून आमचा तोटा झाला नाही, मात्र जे पंप यावल-रावेरच्या केळीबागांत आणखी काही वर्षे चालले असते ते भट्टीत गेले, आणि सरकारी तिजोरीलाही चालू पंपाऐवजी भंगाराचा दर मिळाला. आमच्या मते निर्लेखनाचा निर्णय साहित्य वापरातून निघाल्याच्या आर्थिक वर्षातच व्हायला हवा.

याच्या उलट अनुभव जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळाखोल्यांचा आहे. खोली धोकादायक असल्याचा अभियंत्याचा दाखला आणि निर्लेखनाची मंजुरी मिळाल्यावर ती पाडण्याच्या अटीवर साहित्याचा लिलाव होतो. कागदावर ती निव्वळ मोडकळीस आलेली इमारत असते, पण आतील सागवानी वासे, तुळया, लोखंडी गज आणि मंगलोरी कौले नीट उतरवली तर त्यांना गावातच गिऱ्हाईक मिळते. अशा कामांत आम्ही घण घालणाऱ्यापेक्षा कौले उतरवणाऱ्या मजुराला जास्त रोज देतो. (हे सौदे सगळे अहिराणीत होतात, करारनामा तेवढा मराठीत.)

ई-लिलाव आल्यावर व्यवसायाचे स्वरूप बदलले. 1964 मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी ही केंद्र सरकारची कंपनी अनेक सरकारी आस्थापनांसाठी ऑनलाइन लिलाव चालवते. रेल्वे आपले भंगार आयआरईपीएस या स्वतःच्या संकेतस्थळावर विकते. लिलावाच्या दिवशी दालनात कोण कोणाच्या शेजारी बसले आहे याला पूर्वी जे महत्त्व होते ते संपले, आणि आमच्यासारख्या लहान पेढीला ते सोयीचेच ठरले. मात्र विक्री जसे आहे जेथे आहे या तत्त्वावर होत असल्यामुळे बोलीनंतर तक्रारीला जागा नसते. म्हणून पाहणीसाठी दिलेल्या दिवसांत आमचा माणूस प्रत्यक्ष डेपोत जातो, ढिगाच्या तळाशी काय आहे ते बघतो, क्रेन कुठवर जाऊ शकेल याचा अंदाज घेतो. राखीव किंमत बहुधा आम्हाला कळत नाही. त्यामुळे सर्वोच्च बोली लावूनही मंजुरी न मिळण्याचे प्रसंग येतात. मंजुरी मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत रक्कम भरून माल उचलावा लागतो, नाहीतर जागाभाडे सुरू होते. मे महिन्यात भर दुपारी मजूर उघड्या यार्डात काम करू शकत नसल्याने ही मुदत आम्ही बोली लावतानाच हिशेबात धरतो.

सर्वांत अवघड असतात मिश्र लॉट. लाकडी टेबले, लोखंडी कपाटे, संगणक, बॅटऱ्या आणि एखादे झेरॉक्स यंत्र एकाच यादीत बांधले जाते, कारण कार्यालयाला एकदाच आवार मोकळे करायचे असते. असे लॉट आता आम्ही सोडून देतो. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा (टाकाऊ विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तू) नियमांनुसार कार्यालयांनी असा कचरा नोंदणीकृत उत्पादक, पुनर्चक्रीकरण किंवा नूतनीकरण करणाऱ्यांकडेच द्यायचा आहे, आणि आमच्याकडे ती नोंदणी नाही. वापरलेल्या शिशाच्या बॅटऱ्यांवर तशीच बंधने त्याही आधीपासून आहेत. 1 एप्रिल 2023 पासूनच 15 वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकरण होत नाही. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची विशेष वाहने वगळता ही वाहने नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रातच पाठवावी लागतात, त्यामुळे जुन्या जीपगाड्या घेऊन सुटे भाग विकण्याचे आमचे एक चांगले चाललेले काम पूर्णपणे बंद झाले.

सध्या आमचा भर रेल्वेचे लोखंडी भंगार, निर्लेखित फर्निचर आणि शाळाखोल्यांचे साहित्य यांवर आहे. अँगल आणि पाइप यांची वेगळी रास आम्ही गोठ्यांच्या शेडसाठी शेतकऱ्यांना विकतो, विजेच्या मोटारी तपासून जळगावच्या डाळमिलांकडे पाठवतो. अलीकडे काही कार्यालये निर्लेखनाची यादी करण्यापूर्वीच साहित्य प्रकारानुसार वेगळे करून ठेवू लागली आहेत, आणि अशा लॉटसाठी आम्ही आनंदाने जास्त बोली लावतो.