तरुण कुत्रे घर कुरतडते, तेव्हा आधी काय पाहावे

रस्त्यावरून किंवा एखाद्या निवाऱ्यातून दत्तक घेतलेले कुत्रे सात-आठ महिन्यांचे झाले, की अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते. चपलांचे पट्टे तुटलेले असतात, सोफ्याच्या कोपऱ्यातून स्पंज बाहेर आलेला असतो, चार्जरच्या वायरीचे तुकडे झालेले असतात. त्यापाठोपाठ कोणीतरी ठामपणे सांगते की हे रस्त्यावरचे जनावर आहे, त्याला घराची सवय व्हायची नाही. एवढ्याच कारणावरून परत पाठवलेली कुत्री मी पाहिली आहेत आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तरुण कुत्र्याचे कुरतडणे बहुतेक वेळा आटोक्यात आणता येते. मात्र ते थांबवण्याच्या मागे लागण्यापूर्वी कुत्र्याने नेमके काय, कुठे आणि केव्हा कुरतडले हे नीट पाहिले पाहिजे, कारण कारण वेगळे असेल तर उपायही वेगळा असतो.

आमची मिरी ही पुण्याबाहेरच्या एका बांधकामाच्या जागी सापडलेली काळी गावठी कुत्री आहे. ती लहान असताना तिला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार झाला होता आणि बरोबरची पिल्ले त्यात दगावली, असे तिला सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी आम्हाला सांगितले होते. घरी आल्यावर पशुवैद्यांनी सर्वांत आधी तिचे ओठ वर करून दात तपासले. पिलाला दुधाचे 28 दात असतात; ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी कायमचे 42 दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिलू हाताला लागेल ते चावते, त्यामुळे दात येऊन झाले की हा त्रास आपोआप संपेल अशी पुष्कळांची समजूत असते. मिरीचे सगळे दात तर आलेले होते. डॉक्टरांनी समजावले की दात बदलून झाल्यानंतरही कुत्र्याचे पौगंडवय बाकी असते, ते दीड-दोन वर्षांपर्यंत चालू शकते, आणि या वयात जबड्यात बळ आलेले असते पण संयम आलेला नसतो, म्हणून नुकसान उलट जास्त होते.

त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली. मिरीच्या सुळ्यांवर आणि पुढच्या दातांवर तपकिरी खाचा आहेत. काही ठिकाणी वरचे पांढरे, चकचकीत आवरणच नाही. कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असताना पिलाला डिस्टेंपर झाला, तर दातांवरचे एनॅमल नीट बनत नाही आणि असे दात ठिसूळ राहतात. निवाऱ्यातून कुत्रे आणणाऱ्यांनी हे अवश्य पाहून घ्यावे, कारण त्याला चावायला काय द्यायचे हे त्यावरून ठरते.

मिरीने पहिल्या काही आठवड्यांत बरेच काही फाडले, पण मला अस्वस्थ केले ते दाराच्या चौकटीने. मुख्य दाराची चौकट कडीच्या बाजूला जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत कोरलेली होती, खाली लाकडाच्या ढलप्या पडल्या होत्या आणि त्या लाळेने ओल्या होत्या. उशी फाडली तेव्हाचे दृश्य निराळे होते: कापूस खोलीभर पसरलेला, आणि मिरी त्याच कापसात पोटावर आडवी होऊन निवांत झोपलेली. हे दोन प्रकार एका कारणाचे असणे शक्य नव्हते. म्हणून आम्ही बाहेर जाताना जुना मोबाईल टीव्हीच्या शेजारी उभा करून चित्रीकरण सुरू ठेवले. आम्ही दोघेही बाहेर पडलो की दार बंद होताच मिरी दाराशी जाई, फटीला नाक लावून हुंगत राही, मग धापा टाकत येरझाऱ्या घाली, कण्हे, आणि थोड्याच वेळात चौकटीला दात लावी. सासूबाई घरात असत तेव्हा मात्र चौकटीकडे ती फिरकतही नसे. त्या दुपारी वामकुक्षी घेत असताना ती उशी किंवा वर्तमानपत्र घेऊन खेळत बसे.

उशीचे नुकसान कंटाळ्याचे होते आणि चौकटीचे भीतीचे. एकटे राहण्याच्या भीतीने कुत्रे कुरतडते तेव्हा नुकसान बहुधा दारे, खिडक्या, जाळ्या अशा बाहेर पडण्याच्या वाटांवर आढळते, माणसे बाहेर पडल्यानंतर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात ते होते, आणि त्याबरोबर विव्हळणे, लाळ गळणे, घरातच शू होणे ही लक्षणेही दिसतात. अशा कुत्र्याला केवळ खेळणी आणून देऊन फारसा उपयोग होत नाही, कारण घाबरलेले कुत्रे समोरच्या चिकनच्या तुकड्यालाही तोंड लावत नाही.

घरी परतल्यावर नुकसान पाहून कुत्र्याला रागावणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. 'त्याला चूक कळते, बघा कसा मान खाली घालतो' असे म्हटले जाते. न्यूयॉर्कमधील संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच समजूत तपासून पाहिली होती. कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खरोखर खाल्ला होता की नाही, याच्याशी त्या ओशाळ्या चेहऱ्याचा संबंध आढळला नाही; मालक रागावला की तो चेहरा जास्त दिसला, मग कुत्र्याने काही केलेले असो वा नसो. खाली घातलेली मान, मिटलेले कान, पायांत दडवलेली शेपटी ही समोरच्या माणसाच्या रागाला दिलेली दाद असते. दोन तासांपूर्वी कुरतडलेल्या चौकटीशी कुत्रे ती शिक्षा जोडू शकत नाही. ते फक्त एवढेच शिकते की माणसे दारातून आत आली की मार बसतो, आणि ज्याला मुळातच दाराची धास्ती आहे त्याची धास्ती त्यामुळे दुप्पट होते.

चौकटीसाठी आम्ही बाहेर जाण्याचाच सराव केला. किल्ल्यांचा आवाज, खांद्याला लावलेली पिशवी, पायात सरकवलेल्या चपला या खुणांनीच मिरी कासावीस होत असे, म्हणून किल्ल्या उचलायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा, पिशवी खांद्याला लावून सोफ्यावर वाचत बसायचे, असे करत आधी त्या खुणांतली भीती घालवली. मग दार उघडून लगेच लावणे, जिन्यात क्षणभर उभे राहून परत येणे, एक मजला उतरून परत येणे, असे टप्पे घेतले, आणि ती कण्हू लागण्यापूर्वीच आत यायचे हा नियम पाळला. हे काम संथ आहे आणि त्यात घाई चालत नाही. सराव चालू असताना तिला एकटे ठेवायचे नाही हेही तितकेच आवश्यक असते. आम्हाला सासूबाईंचा आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचा आधार होता, तो नसता तर दिवसाचा पाळणाघराचा खर्च करावा लागला असता. इतके करूनही कुत्र्याची भीती उतरत नसेल तर पशुवैद्य फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखी औषधे सरावाच्या जोडीने देतात, आणि ती घ्यायला संकोच करण्याचे काही कारण नाही. आपल्या मनाने मात्र माणसांची कोणतीही गोळी देऊ नये.

कंटाळ्याच्या कुरतडण्याचा मार्ग सोपा आहे: चावणे ही कुत्र्याची गरज मानून तिला हक्काची जागा द्यायची. या बाबतीत घरात एक चर्चा झाली ती सांगण्याजोगी आहे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एक जुनी चप्पल देऊन टाक तिला, म्हणजे नव्या चपलांना तोंड लावणार नाही." मी म्हटले, "आई, जुनी आणि नवी तिला कशी कळणार? दोन्हींना चामड्याचा आणि आपल्या पायांचाच वास." त्यांना ते पटले आणि मिरीसाठी वासाने व स्पर्शाने घरातल्या कोणत्याही वस्तूशी न जुळणाऱ्याच गोष्टी ठेवायच्या असे ठरले.

काय द्यावे याचा एक साधा निकष डॉक्टरांनी दिला, तो मी आता सगळ्यांना सांगते. वस्तूवर अंगठ्याचे नख दाबावे. किंचितही खूण उमटली नाही तर ती वस्तू दातांसाठी फार कठीण आहे. हरणाची शिंगे, मोठी हाडे आणि बाजारात मिळणारी वाळलेली याकच्या दुधाची छुर्पी यांवर वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरण्याचा धोका असतो, आणि मिरीसारख्या ठिसूळ दातांच्या कुत्रीला त्या वस्तू पूर्ण वर्ज्य आहेत. शिजवलेली हाडे तर कोणत्याच कुत्र्याला देऊ नयेत, त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात. आत अन्न भरायच्या पोकळ रबरी खेळण्याचा जन्मही याच अडचणीतून झाला. अमेरिकेतील कोलोरॅडोत 1970 च्या दशकात जो मार्कम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवून घेत असे. फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करताना बाजूला पडलेला रबराचा एक भाग त्याने दगड सोडून उचलला, आणि त्यावरून मार्कम यांनी 'काँग' हे खेळणे बनवले. मिरीच्या काँगमध्ये आम्ही कधी दहीभात, कधी उकडलेले रताळे, तर कधी वाफवलेला लाल भोपळा आणि चिकनचे बारीक तुकडे भरतो, आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतो. गोठलेला दहीभात चाटून संपवायला तिला बराच वेळ लागतो, आणि त्यानंतर ती हमखास झोपते. घरच्या अन्नात कांदा-लसूण नको, आणि पीनट बटर वापरायचे असेल तर त्यात झायलिटॉल नाही ना हे वेष्टनावर वाचून घ्यावे, कारण साखरेऐवजी वापरला जाणारा हा गोड पदार्थ कुत्र्यांना घातक असतो.

घराची मांडणी बदलणे हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी भाग ठरला. चपला दार असलेल्या कपाटात गेल्या, चार्जर वापरून झाला की लगेच काढून उंचावर ठेवला जाऊ लागला, आणि टीव्हीमागच्या वायरी प्लास्टिकच्या नळीत घातल्या. चालू वायर चावल्याने तोंड भाजते एवढेच नव्हे, तर काही तासांनंतर फुप्फुसांत पाणी भरू शकते, म्हणून असा प्रकार घडला तर कुत्रे ठीक दिसत असले तरीही दवाखाना गाठावा. कपाटातल्या डांबरगोळ्या, मनुका-बेदाणे, गोळ्यांच्या पट्ट्या आणि रिमोटमधले बटण सेल यांची जागा आधी बदलावी. आपल्याकडे मे महिन्यात एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे आंब्याची कोय. रसाचा वास असलेली, तोंडात जेमतेम मावणारी, निसरडी कोय कुत्रे गिळून टाकते आणि ती आतड्यात अडकते. मक्याच्या कणसाच्या दांड्याचेही तेच. वारंवार उलट्या, अन्नावरची वासना जाणे, पोटाला हात लावू न देणे ही लक्षणे दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये, आणि मिठाचे पाणी पाजून घरी उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, मिठाचीच बाधा होते.

रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याबाबत एक गोष्ट निराळी आहे. तिथे तोंडातला घास लगेच गिळला नाही तर दुसरे कोणीतरी तो पळवते. म्हणून मिरीच्या तोंडात मोजा दिसला आणि आपण ओरडत धावलो, तर ती मोजा टाकत नाही, गिळते. आम्ही तिला देवाणघेवाण शिकवली: आधी खेळण्याच्या बदल्यात पनीरचा तुकडा द्यायचा, 'सोड' म्हणायचे, आणि खेळणे तिला परत करायचे. सोडल्याने आपले काही जात नाही, हे तिला शेकडो वेळा अनुभवायला मिळाले तेव्हा कुठे मोजाही ती सहज सोडू लागली.

व्यायामाविषयी लोक सांगतात की कुत्र्याला पळवून दमवावे. माझा अनुभव असा की हुंगू देण्याने मिरी जितकी शांत होते तितकी पळण्याने होत नाही. सकाळच्या फेरीत ती ज्या खांबापाशी थांबेल तिथे आम्हीही थांबतो, आणि घाईने दोरी ओढत नाही. पावसाळ्यात पुण्याची झड लागली की फेरी आखडते आणि कुरतडणे पुन्हा डोके वर काढते; त्या दिवसांत जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत तिच्या कोरड्या खाद्याचे दाणे लपवून देणे, किराणा आलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या पिना आणि चिकटपट्टी काढून ती तिला फाडायला देणे हे उपाय चालतात. फाडलेला पुठ्ठा ती खात नाही याची खात्री आम्ही करून घेतली आहे; जे कुत्रे गिळते त्याला तो देऊ नये. झोपेकडेही बहुतेकांचे दुर्लक्ष होते. संध्याकाळी घरात पाहुण्यांची वर्दळ असली आणि मिरीची दुपारची झोप झाली नसली की ती सैरभैर होऊन दिसेल त्याला दात लावते, आणि अशा वेळी तिला खेळ नको असतो, अंधारी खोली आणि पंखा हवा असतो.

सध्या मिरीला बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर मोकळे आहे. एका खोलीत महिनाभर काही फाडले नाही तर पुढची उघडायची, आणि फाडले तर काही दिवस ती पुन्हा बंद ठेवायची, असे आम्ही ठरवले आहे. चौकट सुताराकडून दुरुस्त करून घेतली असून तिला पुन्हा दात लागलेले नाहीत, पण पुस्तकांच्या खोलीत जुन्या कापडी बांधणीची पुस्तके खालच्या कप्प्यांत आहेत, म्हणून ती खोली मिरी दोन वर्षांची होईपर्यंत बंदच राहील.