४२ किलोमीटर आणि वरचे १९५ मीटर

पहाटेच्या बसमध्ये कुणीच बोलत नव्हतं. अथेन्सहून आम्हा धावणाऱ्यांना घेऊन ती मॅरेथॉन गावाकडे निघाली होती. रस्ता उताराला लागला की मला धस्स व्हायचं. परत येताना या सगळ्या उताराचा चढ होणार होता.

डाव्या मनगटाभोवती मी कागदाची पट्टी गुंडाळली होती, वरून चिकटपट्टी. पट्टीवर बॉलपेनने लिहिलेली ४२ नावं.

दादा चार वर्षं डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. त्याच्या हाताला जिथे सुया टोचतात तिथे बोट ठेवलं की कातडीखाली बारीक थरथर लागते, मांजर गुरगुरावं तशी. शस्त्रक्रिया करून धमनी शिरेला जोडलेली असते, तिथून जोरात वाहणाऱ्या रक्ताची ती थरथर. रोज उठल्याउठल्या तो आधी तिथे हात लावून बघतो. पण सुयांपेक्षा त्याला तहान जास्त छळते. मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकत नाहीत, त्यामुळे दिवसाचं पाणी मोजून. उन्हाळ्यात तो बर्फाचा एक खडा तोंडात धरतो आणि तो विरघळेपर्यंत कुणाशी बोलत नाही.

त्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस एकदा यायचाच बंद झाला. पैसे संपले होते. दादाने हे सांगितलं त्या रात्री मी मॅरेथॉन धावायचं ठरवलं. तोवर मी दहा किलोमीटरच्या पुढे कधी गेले नव्हते.

एक किलोमीटर म्हणजे एका रुग्णाचं आठवड्याचं डायलिसिस, असा हिशेब ठेवला आणि ४२ किलोमीटर देणगीदारांसमोर मांडले. सरावापेक्षा हे मागणं अवघड गेलं. अंधारात उठून ३० किलोमीटर पळायची सवय वीस आठवड्यांत अंगवळणी पडली, पण फोनवर ‘पैसे द्याल का’ म्हणायला जीभ रेटेना. पहिल्या महिन्यात तीनच किलोमीटर गेले. मग मी आकडे सांगणं सोडलं आणि बर्फाच्या खड्याबद्दल सांगू लागले. आमच्या शाळेतल्या बाईंनी मार्गाचा नकाशाच मागवून घेतला, चढ कुठे संपतो ते बघितलं आणि म्हणाल्या, “एकतिसावा माझा. तिथे तू थांबायची नाहीस.”

बेचाळीसही किलोमीटर गेले. उरले १९५ मीटर. दादा म्हणाला, “वरचे सुटे माझ्या नावावर टाक.”

हे सुटे आले १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधून. शर्यत विंडसर किल्ल्यापासून सुरू करून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांसमोर संपवायची होती. १९२१मध्ये तेच अंतर सगळीकडे कायम झालं.

नऊला सुटलो. सुरुवातीला रस्ता सपाट आहे, आणि पाचव्या किलोमीटरच्या आसपास तो मुद्दाम वाट वाकडी करून एका हिरव्या टेकाडाला वळसा घालतो. इ.स.पू. ४९०मध्ये इथे पर्शियन सैन्याशी झालेल्या लढाईत पडलेले १९२ अथेन्सवासी त्या मातीखाली आहेत. तिथे आजूबाजूची बडबड आपोआप थांबली, नुसता बुटांचा आवाज येत राहिला. विजयाचा निरोप देऊन कोसळलेल्या धावकाची गोष्ट आपण सगळे ऐकत आलो आहोत. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या इतिहासात मात्र ती नाही. त्याचा धावक फिडिपिडीझ लढाईआधी स्पार्टाला धावतो, मदत मागायला. मला तोच जवळचा वाटतो. मागण्यासाठी धावणं काय असतं, ते त्या वर्षभरात मला कळलं होतं.

पुढे वस्ती लागली. एका आजीबाईंनी ऑलिव्हची डहाळी माझ्या हातात कोंबली आणि “ब्राव्हो, ब्राव्हो” म्हणत पाठीवर थाप मारली. ती डहाळी मी कंबरेच्या पट्ट्यात खोचली.

दहाव्यानंतर चढ सुरू होतो आणि थोडेफार उतार सोडले तर एकतिसाव्यापर्यंत चालूच राहतो. पाण्याचं टेबल आलं की मी बाटली उचलायची, दोन घोट प्यायची आणि उरलेलं डोक्यावर ओतायची. सगळेच तसं करत होते. तिसऱ्या टेबलापाशी मला ते जमेना. दादाचं अर्ध्या दिवसाचं पाणी मी मानेवरून रस्त्यावर सांडत होते. त्यानंतर मी बाटली हातात धरून पळाले, रिकामी होईपर्यंत. १८९६ची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन याच वाटेने झाली आणि ती जिंकणारा स्पिरिडॉन लुइस पाणी वाहून पोट भरणारा माणूस होता. हे मी आधी वाचलं होतं, पण आठवलं ते तेव्हा, हातातलं पाणी हिंदकळताना.

अठ्ठाविसाव्याला डाव्या पोटरीत गोळा आला. पाय थकत आले की हे असंच होतं, ते आपले राहत नाहीत. पट्टीत घाम शिरून शाई पसरली होती, तिसाव्या नावाचा नुसता निळा डाग झाला होता. पण नावं पाठ होती. ती एकेक मोठ्याने घेत चालत, पळत, पुन्हा चालत गेले. एकतिसावा पूर्ण पळाले. बाईंना दिलेला शब्द होता.

मग उतार. शहर अंगावर आलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. बेचाळिसावं नाव घेतलं आणि समोर पॅनाथेनाइक स्टेडियम उघडं झालं. सगळं संगमरवरी, दोन्ही अंगांनी पांढऱ्या पायऱ्या. आता पट्टीवर नाव उरलं नव्हतं. मी अंगठा मनगटावर दाबला. नाडी बोटाखाली थडथडत होती. शेवटचा तुकडा तशीच धावले, एका हाताने दुसरा हात धरून.

पाच तास चोवीस मिनिटं. पदक गळ्यात पडलं, कुणीतरी बाटली हातात दिली. मी खाली बसून फोन लावला. ‘पोचले’ एवढंच म्हणता आलं, पुढे रडू फुटलं. दादाने मला रडू दिलं. मग म्हणाला, “पाणी प्यायलीस का पोटभर?”

“नाही अजून.”

“मग आधी पी. मी थांबतो फोनवर.”